बालवर्गाच्या भिंतीवरील ऋतू

दिल्लीच्या नई सडकेवर पाठ्यपुस्तके आणि शालेय साहित्य विकणारी जी दुकाने आहेत, त्यांत ऋतूंचा एक रंगीत तक्ता हटकून मिळतो. तक्त्यात बहुधा चार चौकटी असतात. पहिलीत फुले आणि फुलपाखरे, दुसरीत समुद्रकिनारा व रंगीत छत्री, तिसरीत तांबूस-पिवळ्या मेपलच्या पानांचा सडा, आणि चौथीत गळ्यात मफलर घातलेला बर्फाचा माणूस. काही प्रकाशकांनी पाचवी चौकट वाढवून तीत पाऊस घातला आहे. क्वचित तो उन्हाळ्याच्याच चौकटीत एका कोपऱ्यात ढगासारखा चिकटवलेला दिसतो. राजधानीतील आणि तिच्या भोवतालच्या नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद, फरिदाबाद या नगरांतील असंख्य बालवर्गांच्या भिंतींवर हा तक्ता किंवा त्याचा हातांनी रंगवलेला भाऊबंद लटकत असतो. त्याच्या खाली चार वर्षांची मुले वर्षभर बसतात. त्यांना कापूस चिकटवून बर्फ करावयास देतात, तपकिरी कागदाची पाने कापून देतात, आणि जुलैत एखाद्या दिवशी निळे कपडे घालून यावयास सांगून सभागृहात पावसाचा दिवस साजरा करतात. त्या वेळी बाहेर खरा पाऊस पडत असला, तर खिडक्या लावून घेतात.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकाने या तक्त्याकडे का पाहावे, असा प्रश्न कोणी विचारील. शिशुशिक्षण हा शिक्षणशास्त्राचा विषय. त्याची चर्चा त्यांच्या परिषदांत होतच असते. परंतु ऋतू हा विषय केवळ त्यांचा नाही. भारतीय भाषांतील काव्याचा फार मोठा भाग ऋतूंच्या आधाराने उभा आहे. कालिदासाचे 'ऋतुसंहार', जायसीच्या 'पद्मावता'तील नागमतीचा बारहमासा, गुरू नानकांचा तुखारी रागातील बारहमाहा, आणि मराठीत १९५६ साली प्रसिद्ध झालेले दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' ही नावे सहज आठवतात. विद्यापीठात एम.ए.च्या वर्गात जेव्हा बारहमासा शिकवावयास घेतला जातो, तेव्हा अध्यापकाला आषाढ म्हणजे काय, हे तळटीप देऊन समजावून सांगावे लागते. विद्यार्थी वाचत नाहीत, ही त्यावरची नेहमीची तक्रार. ती खोटी नसली तरी अपुरी आहे. वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला जी तळटीप लागते, तिचे मूळ तो चार वर्षांचा असताना त्याच्या समोर टांगलेल्या तक्त्यात असण्याचा पुष्कळ संभव आहे.

तक्त्यातील तिसरी चौकट विशेष लक्ष देण्यासारखी आहे. इंग्रजी 'ऑटम' या शब्दासाठी हिंदी आणि मराठी शब्दकोश 'शरद' हा शब्द देतात. तक्त्याखाली जेथे देवनागरी नाव छापलेले असते तेथेही बहुधा शरदच असतो, आणि वर गळलेल्या पानांचे चित्र. हे भाषांतर महिन्यांच्या हिशेबाने बरोबर आणि अर्थाच्या हिशेबाने पूर्णपणे चूक आहे. आपल्या काव्यातील शरद हा पानगळीचा ऋतू कधीच नव्हता. शरद म्हणजे पाऊस ओसरल्यावरचे धुतलेले आकाश, निवळलेले पाणी, काशाचे पांढरे तुरे, कमळे, हंस आणि पूर्ण चंद्र. मराठी घरात शरदाची खूण कोजागिरीच्या दुधात उतरलेल्या चंद्रबिंबाची आहे. पानगळ आपल्याकडे शिशिराची. आणि शिशिराच्या पाठोपाठ लगेच वसंत येत असल्यामुळे या पानगळीला युरोपीय काव्यातील ऑटमप्रमाणे मरणाची, वार्धक्याची, उतरणीची छटा फारशी चिकटलेली नाही. दिल्लीच्या झाडांचे तर हे उघडच आहे. येथील कडुनिंब आणि पिंपळ फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पाने टाकतात आणि पाहता पाहता पुन्हा पालवतात. त्याच दिवसांत निष्पर्ण सावर लाल फुलांनी भरून जाते. म्हणजे या शहरात पानगळ आणि फुलोरा हे एकाच पंधरवड्यात, कधी कधी एकाच रस्त्यावर, शेजारी शेजारी चालू असतात. दिल्लीच्या वृक्षांवर प्रदीप कृष्ण यांचे २००६ साली आलेले पुस्तक चाळले तरी हे ध्यानात येईल. न चाळता नुसते मार्च महिन्यात लोदी उद्यानावरून गेले तरी चालेल.

आता अशी कल्पना करावी, की ऑक्टोबर महिन्यात चार वर्षांच्या एका मुलीला ऑटमचे झाड रंगवावयास दिले आहे. खिडकीतून तिला जे झाड दिसते ते पावसाने न्हाऊन गर्द हिरवे झालेले आहे. ती हिरवा खडू उचलते. तिला तपकिरी खडू दिला जातो. ही दुरुस्ती प्रेमाने केली जाते. शिक्षिकेचा त्यात काही दुष्ट हेतू नसतो. पण ऋतू हा डोळ्यांनी ओळखावयाचा नसून तक्त्यावरून ओळखावयाचा असतो, हे त्या मुलीला त्या क्षणी शिकवले गेले. उत्तर बरोबर आले म्हणून तिला तारा मिळतो.

येथे एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. साहित्यातील ऋतू तरी कोणी डोळ्यांनी पाहिलेले होते? राजशेखराने 'काव्यमीमांसे'त कविसमयांची चर्चा केली आहे, ती कवींनी न पाहता, परंपरेने मानलेल्या गोष्टींचीच आहे. चातक फक्त पावसाचे पाणी पितो हे कोणी पडताळून लिहिलेले नाही. मग दिल्लीच्या मुलाने न पाहिलेला बर्फाचा माणूस आणि मराठी कवीने न पाहिलेला मानससरोवराचा हंस यांत फरक तो काय? तक्ता हाही एक कविसमयच म्हणावा. हा आक्षेप अर्धा मान्य करावयास हवा. न पाहिलेल्या ऋतूची कल्पना करता येणे ही मुलाची शक्ती आहे, ती कोणी खुंटवू नये; बर्फाचा माणूस करणाऱ्या मुलांना त्यात खरोखर आनंद होतो. स्वदेशीच्या नावाने त्या माणसाला वर्गातून हाकलून देण्यात काही पुरुषार्थ नाही. पण फरक आहे, आणि तो असा. तोच राजशेखर कविसमयांनंतर देशविभाग आणि कालविभाग यांना स्वतंत्र अध्याय देतो. कोणत्या ऋतूत कोणते वारे वाहतात, कोणती झाडे फुलतात, हे कवीने जाणले पाहिजे अशी त्याची अपेक्षा आहे. संकेत हा अनुभवाच्या शेजारी उभा होता, त्याच्या जागी नव्हे. तमिळ संघम काव्यशास्त्राने तर ऋतूला भूमीपासून तोडलेच नाही: मुल्लै म्हणजे वनभूमी आणि तिच्याबरोबर पावसाळा, कुरिंजि म्हणजे डोंगर आणि त्याच्याबरोबर थंडीचे दिवस. ऋतू सांगावयाचा तर आधी पायाखाली कोणती जमीन आहे ते सांगावे लागे. नई सडकेवरच्या तक्त्याला पायाखाली जमीनच नाही.

शिवाय शाळेचे वर्ष आणि ऋतूंचे वर्ष यांचा मेळ ही एक स्वतंत्र गंमत आहे. महाराष्ट्रात शाळा जूनमध्ये उघडते आणि त्याच सुमारास मृगाचा पाऊस येतो (विदर्भात थोडे मागेपुढे होते). त्यामुळे मराठी माणसाच्या आठवणीत कोऱ्या पुस्तकांचा वास आणि ओल्या मातीचा वास एकमेकांत मिसळलेले आहेत. मराठी ललित गद्याने या मिश्रणाचा इतका उपयोग केला आहे की त्याचा कधी कधी कंटाळा यावा. दिल्लीत शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये, चढत्या उन्हात सुरू होते. महिनाभर वर्ग भरतो न भरतो तोच मे-जूनची दीर्घ सुटी लागते. पावसाचे दिल्लीतील सर्वसाधारण आगमन २७ जूनच्या आसपासचे, आणि शाळा पुन्हा उघडते जुलैच्या प्रारंभी. म्हणजे दिल्लीच्या मुलाचे वर्ष ग्रीष्माने सुरू होते. 'ऋतुसंहारा'चा पहिला सर्गही ग्रीष्माचाच आहे आणि शेवटचा वसंताचा. मार्चमध्ये परीक्षा संपून वर्ग रिकामा होतो तेव्हा सावर फुललेली असते. कालिदासाचा क्रम आणि दिल्लीच्या शाळेचे कॅलेंडर इतके तंतोतंत जुळत असूनही तक्ता मात्र 'स्प्रिंग'पासून सुरू होतो. मे महिन्यात बहावा पिवळाजर्द फुलतो तेव्हा त्याखाली शाळेतली मुले नसतात, हे खरे. पण जुलैत मुले परत येतात तेव्हा मध्य दिल्लीच्या रस्त्यांवर जांभळे पडलेली असतात. पदपथ जांभळे, जिभा जांभळ्या, गणवेशावर डाग. शाळा उघडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्याला याहून चांगला पाठ कोणता असणार? त्या आठवड्यात पुष्कळ बालवर्गांत आंब्याचा दिवस साजरा होतो आणि पिवळ्या कागदाचे आंबे कापले जातात.

या सर्व प्रश्नाचा विचार मराठी भाषेत फार पूर्वी, आणि कागदापेक्षा जमिनीवर अधिक, झालेला आहे. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम करून आल्या होत्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. 'शिक्षणपत्रिके'च्या द्वारे हे विचार गुजरातीबरोबर मराठी आणि हिंदीतही पोचले. पुढे मुंबईत दादरला शिशुविहार चालवल्यावर १९४५ च्या अखेरीस ताराबाईंनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) तेव्हापासून त्यांच्या सोबत होत्या. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.

माँटेसरी पद्धतीचा आदर ताराबाईंना पुरेपूर होता, पण तिची साधने खेड्याला परवडणारी नव्हती. एवढेच कारण सहसा सांगितले जाते, आणि ते बरोबरही आहे. परंतु साधनांच्या खर्चापेक्षा अधिक महत्त्वाची एक गोष्ट त्या बदलातून घडून आली, तिच्याकडे साहित्याच्या अभ्यासकाचे लक्ष जावयास हवे. माँटेसरीच्या गुलाबी मनोऱ्याचे ठोकळे बाराही महिने तेच असतात. रोममध्ये, अड्यारला, दादरला, मे महिन्यात किंवा डिसेंबरात, ठोकळ्याला ऋतू नसतो, आणि त्याच्या शास्त्रीय अचूकतेचे मर्म तेच आहे. बोर्डी-कोसबाडला ठोकळ्यांच्या जागी खडे, शिंपले, पाने, फुले, बिया, माती आली. मोजायचे तर बियांनी, लहान-मोठे लावायचे तर पानांनी, रंग ओळखायचे तर फुलांनी. आता बी बाराही महिने मिळत नाही. फूल तर आठवडाभरही टिकत नाही. साधनेच ऋतूंच्या हाती गेल्यामुळे वेगळा असा ऋतूंचा पाठ घेण्याचे कारणच उरले नाही. मूल गणित शिकत होते आणि त्याच्या हातात आषाढ होता. कोसबाडच्या प्रयोगाचे बालशिक्षणातील स्थान सर्वमान्य आहे. भाषाशिक्षणातील त्याचे स्थान मात्र अजून कोणी नीट तपासलेले दिसत नाही. शब्द आणि वस्तू यांची गाठ मुलाच्या मनात कशी पडते, आणि ती वस्तू नाहीशी होऊन पुन्हा वर्षाने परत येते तेव्हा त्या शब्दाचे काय होते, हा खरे म्हणजे काव्यशास्त्राचा प्रश्न आहे. परत येणाऱ्या वस्तूचे नाव मूल आठवणीतून उच्चारते. बारहमाशाची सारी शक्ती या परतून येण्यात आहे: महिना परत आला, माणूस आला नाही.

कोसबाडकडे नुसत्या हिरव्या डोळ्यांनी पाहणे मात्र चुकीचे होईल. वारली मुलाचा ऋतू हा सणाचा नव्हता, कामाचा होता. वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली, तीच अंगणवाडी. थोडी मोठी मुले गुरे राखावयास जात, म्हणून शाळा कुरणावर नेली. तिला कुरणशाळा म्हणत. गुरे कोठे आणि केव्हा चरतील हे ऋतू ठरवतो, म्हणून शाळेची जागाही ऋतूच ठरवू लागला. येथे ऋतू भिंतीवर नव्हता. त्याने भिंतच काढून टाकली होती. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांपासून सुरू केली, तेव्हा त्या योजनेतील केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. नाव देशभर गेले. आज दिल्लीच्या दाट वस्त्यांत अंगणवाडी पुष्कळदा भाड्याच्या एका खोलीत भरते, जिला अंगण नसते. शब्दाचा असा प्रवास अभ्यासकांना नवा नाही, तरीही या शब्दाच्या बाबतीत तो जरा जास्त लागतो.

दिल्लीला स्वतःचे कोसबाड मुळीच नाही असे नाही. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने राजघाटाजवळ प्रदर्शनाचे बांधकाम चालू असताना मीरा महादेवन यांनी मजुरांच्या मुलांसाठी तेथेच पाळणाघर सुरू केले. 'मोबाईल क्रेशेस' या संस्थेचा तो आरंभ. बांधकाम संपले की मजूर हलतो, त्याच्याबरोबर पाळणाघर हलते. कुरणशाळेचेच हे नागर रूप, जरी दोन्हींचा एकमेकींशी थेट संबंध नसला तरी. या मुलांना ऋतू शिकवावे लागत नाहीत. पेरणीला गावी जाणे, पाऊस उघडल्यावर परत येणे, थंडीत उघड्यावर निजणे, हे त्यांना तक्त्याविना ठाऊक असते. ज्या मुलांना ऋतू ठाऊक असतात त्यांच्यापाशी तारा मिळण्याजोगे उत्तर नसते, आणि ज्यांच्यापाशी उत्तर असते त्यांची खिडकी बंद असते. दोन्ही मुले एकाच महानगरात, कधी कधी एकाच इमारतीच्या आतबाहेर असतात.

शांतिनिकेतनाचा उल्लेख या संदर्भात ओघानेच येतो. तेथील वर्षामंगल, १९२८ पासूनचे वृक्षारोपण आणि हलकर्षण हे उत्सव प्रसिद्ध आहेत. त्यांविषयी इतके लिहिले गेले आहे की येथे पुनरुक्ती नको. एवढेच नोंदवावे, की तेथील ऋतूउत्सवाची सुरुवात रवींद्रनाथांच्या शमींद्रनाथ या दहा वर्षांच्या मुलाने १९०७ साली वसंतात केली, आणि त्याच वर्षी तो गेला. पुढे त्या उत्सवाला सुंदर नृत्ये आणि नियम मिळाले. पण आरंभी तो एका मुलाचा खेळ होता.

आणि खेळाचीच गोष्ट निघाली आहे तर आश्विन महिन्याकडे वळावे. सूर्य हस्त नक्षत्रात जातो, सप्टेंबर संपत आलेला असतो, आणि मराठी घरांत भोंडला किंवा हादगा सुरू होतो. पाटावर हत्तीचे चित्र मध्ये ठेवून मुली फेर धरतात. हत्ती का, तर नक्षत्राचे नाव हस्त, आणि या पावसाची धार सोंडेएवढी. विदर्भ-खानदेशात याच दिवसांत भुलाबाई असते. गाणी संपली की खिरापत ओळखावयाची: झाकलेल्या डब्यात काय आहे? गोड की तिखट? ओले की कोरडे? वासावरून, डबा हलवल्यावर येणाऱ्या आवाजावरून, महिन्यावरून अंदाज बांधावयाचा. तर्काचा, इंद्रियांचा आणि शब्दसंपत्तीचा इतका नेटका खेळ एखाद्या बालशिक्षणतज्ज्ञाने आज नव्याने शोधून काढला असता, तर त्याला मोठे पारिभाषिक नाव मिळाले असते. तसेच पंचांगातील पावसाच्या नक्षत्रांच्या वाहनांचे. मृग कशावर बसून आला, आर्द्रा कशावर. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असला तर पाऊस भरपूर, गाढव किंवा कोल्हा असला तर भरवसा नाही. हवामानशास्त्र म्हणून याची किंमत शून्य. परंतु चार वर्षांच्या मुलाला पावसापावसांतला भेद सांगण्यासाठी ही गाढवे आणि बेडूक जितके उपयोगी आहेत तितके निळ्या रंगाचे कपडे नाहीत. मराठी मूल पावसाला पैशाचे आमिष दाखवते आणि पैसा खोटा निघाल्याची कबुलीही देऊन टाकते. बालवर्गात पाठ होणारे इंग्रजी गीत पावसाला परत जावयास सांगते. हा भेद पूर्वी अनेकांनी दाखवला आहे. त्यात राष्ट्रीय स्वभाव शोधण्याचे कारण नाही. पाऊस इंग्लंडात पुष्कळ आहे, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु भोंडल्याची गोष्ट केवळ मराठी राहत नाही, आणि दिल्लीत तर मुळीच नाही. त्याच नवरात्रात हरियाणातील गावांत, गुरुग्रामच्या उंच इमारतींच्या पाठीमागे उरलेल्या वस्त्यांतही, मुली भिंतीवर मातीच्या तुकड्यांची सांझी मांडतात आणि दसऱ्याला तिचे विसर्जन करतात. व्रजप्रदेशात सांझी त्याआधीच्या पितृपक्षात असते. दसऱ्यापासून शरद पौर्णिमेपर्यंत व्रज आणि पश्चिम उत्तर प्रदेशात टेसू-झांझी फिरते: मुलांच्या हाती तीन काठ्यांवर उभा केलेला टेसू, मुलींच्या हाती भोके पाडलेल्या मडक्यात दिवा, दारोदार गाणी, आणि पौर्णिमेला दोघांचे लग्न. ते मडके गुजराती गरब्याच्या मडक्याची सख्खी बहीण शोभेल. भोंडला, भुलाबाई, सांझी, टेसू, गरबा: पावसाच्या निरोपाचा हा एवढा मोठा पट्टा आणि त्यात जवळजवळ सर्वत्र मुले किंवा कुमारिका, फेर किंवा फेरी, माहेर-सासरची किंवा लग्नाची कथा, आणि अखेर विसर्जन. तुलनात्मक साहित्याला यापेक्षा चांगला विषय क्वचित मिळावा. नोएडातील एखाद्या बालवर्गात तीस मुले असतील, तर त्यांच्या घरांत मिळून यांतले तीन-चार प्रकार तरी आजीच्या तोंडी असण्याचा संभव आहे. पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेच्या परिसरात एकेकाळी मराठी घरे एकमेकांना धरून होती. आता ती महानगराच्या चारी टोकांना पांगली आहेत आणि भोंडला होतो तो मंडळाच्या सभागृहात, सोयीच्या रविवारी. सांझीचेही तसेच होऊ लागले आहे. याच पंधरवड्यात वर्गात तपकिरी पाने कापली जातात. शरद ऋतूचा एवढा जिवंत पाठ मुलांच्या घरी चालू असताना वर्गात ऑटम चालू असतो, ही या लेखाची खरी तक्रार आहे.

तक्ता बदलणे हा यावरचा उपाय नव्हे, हेही लगेच सांगितले पाहिजे, कारण वारे त्याच दिशेने वाहत आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते सहा ही वर्षे शालेय रचनेत आणली आणि मातृभाषेचा पुरस्कार केला. २०२२ मध्ये पायाभूत स्तरासाठी राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये खेळणी, बाहुल्या आणि पत्ते असलेला 'जादुई पिटारा' १३ भारतीय भाषांत देण्यात आला. हेतू चांगले आहेत आणि आराखड्यात परिसरातील वस्तू व गाणी वापरण्यावर भर आहे. तथापि वर्गापर्यंत पोचता पोचता अशा हेतूंचे काय होते याचा अनुभव जुना आहे. काही शाळांत चार चौकटींच्या जागी सहा चौकटी आल्या: वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर. मुले ती नावे सुरात म्हणतात. हेमंत कोणता आणि शिशिर कोणता, हे दिल्लीच्या थंडीत शिक्षिकेलाही सांगता येत नाही, आणि तिला दोष देता येत नाही. केरळात किंवा गोव्यात तर हा भेद सांगणे आणखी अवघड. संस्कृत सहा ऋतू हा देखील एका भूप्रदेशाचा अनुभव आहे, तोही भिंतीवर गेला की मेपलच्या पानाइतकाच परका होतो. शुद्धलेखन फक्त सुधारते. बर्फाचा माणूस जाऊन हंस आला, तर खिडकी उघडली असे होत नाही.

त्यापेक्षा साधी गोष्ट करता येण्यासारखी आहे. राजधानीत विद्यापीठे आहेत, त्यांत भारतीय भाषांचे विभाग आहेत, आणि त्यांत दरवर्षी प्रबंधांसाठी विषय शोधणारे विद्यार्थी आहेत. बारहमाशांच्या पोथ्यांवर काम झाले आहे आणि होत राहील. परंतु आश्विनातल्या त्या पंधरवड्यात दिल्ली आणि भोवतालच्या बालवर्गांतील मुलांच्या घरी कोणकोणत्या भाषांत काय गायले जाते, कोणते शब्द आजीपाशी आहेत आणि आईपाशी नाहीत, याची नोंद करण्यास फार पैसा लागणार नाही. पहिल्या पावसाच्या वासाला, रिमझिमीला, झडीला, उघडिपीला, थंडीतील कोवळ्या उन्हाला वर्गातील मुलांच्या भाषांत काय म्हणतात, एवढा एक छोटा कोश जरी शिक्षिकांच्या हाती आला, तरी त्या तक्ता स्वतःच खाली उतरवतील. त्या हुशार असतात; त्यांना कोणी विचारलेले नसते.

अशा कोशात एक जागा मात्र रिकामी सोडावी लागेल. दिवाळीच्या मागेपुढे, कार्तिकात, राजधानीवर जो धूर उतरतो त्याला मुलांच्या कोणत्याच भाषेत अजून नाव नाही. मराठी मूल त्याला धुके म्हणते, हिंदी मूल कोहरा किंवा धुंद, आणि दोघांचीही आई, ते धुके नव्हे, असे सांगून थांबते. २०१७ साली अधिसूचित झालेल्या टप्प्याटप्प्याच्या कृती आराखड्याने त्याच्या चार पायऱ्या ठरवल्या आहेत. तो चौथ्या पायरीवर गेला की बांधकामे बंद पडतात आणि शाळा बंद होतात. २०२३ मध्ये दिल्लीत हिवाळी सुटीच नोव्हेंबरात ओढून घेतली. २०२४ च्या नोव्हेंबरात वर्ग पडद्यावर भरले. म्हणजे बांधकामावरचे मूल बापाची मजुरी बुडाल्यामुळे आणि बालवर्गातले मूल सुटी मिळाल्यामुळे, दोघेही त्या दिवसांत घरी असतात. हवेत काय आहे हे दोघांनाही खोकल्यावरून कळते. नई सडकेवरच्या तक्त्यात त्याची चौकट नाही, सहा ऋतूंच्या यादीतही नाही. गेल्या काही वर्षांत मुलांनी घरी काढलेल्या चित्रांत मात्र तो येऊ लागला आहे: राखाडी खडूने भरलेला सगळा कागद, आणि त्यात कोठेतरी, अर्धा पुसलेला, पिवळा सूर्य.